धाकटीचं कोरडं वजन

थोरलीचा राग तोंडावर दिसायचा नाही, तो इस्त्रीत उतरायचा. मन ठिकाणावर असलं की इस्त्री चादरीवरून सरळ निघून जायची. बिनसलं की प्रत्येक घडीवर दाबून बसायची, आणि घडी इतकी कडक पडायची की अंथरताना गिऱ्हाइकाला दोन्ही हातांनी ओढून सोडवावी लागायची. त्या वर्षी गल्लीतल्या झाडून सगळ्या चादरी तशाच परत जात होत्या.

पुढच्या खोलीत लाँड्री आणि मागच्या दोन खोल्यांत या दोघी बहिणी, असं ते घर. वडील आधीच गेलेले. आई गेली तेव्हा थोरली सतरा वर्षांची होती आणि धाकटी सहा. थोरलीने आईची इस्त्री उचलली आणि त्याच हाताने धाकटीला वाढवलं, शिकवलं, वाचनालयात नोकरीला लागेपर्यंत डबा भरून दिला. स्वतः लग्नाच्या भानगडीत पडली नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मला तयार पोर मिळालीय, आणखी कशाला हवीत?" धाकटीला काय आवडतं, काय बाधतं, खोटं बोलताना ती कुठलं बोट कुरवाळते, हे सगळं थोरलीला पाठ होतं. त्यात दुसऱ्या कोणाची लुडबुड तिला खपायची नाही. मध्ये एकदा धाकटीला चांगलं स्थळ आलं होतं. ते का मोडलं हे कोणाला कळलं नाही, आणि ज्यांनी ओळखलं ते थोरलीच्या तोंडी लागायला गेले नाहीत.

चाळिशीत धाकटीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा तिला दवाखान्यात यंत्रावर झोपावं लागायचं. अंगात साठलेलं पाणी यंत्र काढून घ्यायचं. सगळं जास्तीचं पाणी निघून गेल्यावर माणूस जेवढं भरतं, त्याला तिथली माणसं कोरडं वजन म्हणायची. धाकटीचं कोरडं वजन अठ्ठेचाळीस किलो. त्यावर रोज जे चढायचं ते पाणी. जास्त चढलं की पाय सुजणार, आणखी चढलं की छातीत पाणी होणार. दिवसाला मोजून एक लिटर प्यायचं, त्यातच चहा आणि गोळ्यांबरोबरचा घोट.

थोरलीने पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "माझं एक काढा आणि हिला बसवा. उद्या केलंत तरी चालेल." तपासण्या झाल्या. मूत्रपिंड उत्तम होतं, रक्तगट मात्र जुळला नाही. "अहो, सख्खी बहीण आहे मी तिची!" थोरली म्हणाली, जणू डॉक्टरीणबाईंनी कागद नीट वाचले नसावेत. त्या दिवसापासून तिचा स्वतःच्याच रक्तावर राग होता.

यंत्राच्या खोलीतल्या एका नर्सने धाकटीच्या फोनवर एक गट जोडून दिला. साठेक घरांची माणसं होती त्यात, ठिकठिकाणची, सगळी या एकाच आजाराने बांधलेली. कोणी रोगी, कोणी रोग्याचा नवरा, कोणाची आई. तिथला एक शिरस्ता होता. सकाळी उठून काट्यावर उभं राहायचं आणि कोरड्या वजनावर किती चढलं तो आकडा गटावर टाकायचा, एक किलो चारशे असेल तर 'एक चार'. आठ वाजेपर्यंत आकडा आला नाही तर कोणीतरी फोन करायचं. ज्याला नवं मूत्रपिंड मिळालं त्याने पहिल्या लघवीचं माप टाकायचं. मग साठ घरं नाचायची.

या सगळ्याची कारभारीण होती मीठबाई. लोकांनी ताटाचा फोटो टाकला की त्यात मीठ कुठे लपलंय ते ती शोधून काढायची, म्हणून हे नाव. आजारी पडण्यापूर्वी ती बसस्टँडवर गाड्या पुकारायची. त्यामुळे तिचे निरोप बोलके असायचे, खणखणीत, शब्दन् शब्द सुटा. "अठ्ठेचाळीसवाली, आज एक चार. फार छान. उद्या बटाटा दोनदा उकळायचा, पाणी फेकायचं." धाकटी हे निरोप गालावर हात ठेवून ऐकायची. ऐकताना हसायची.

बटाटा दोनदा उकळायचं थोरली महिनाभर कानीकपाळी ओरडत होती. तेव्हा धाकटीने तोंड वाकडं केलं होतं. आता मीठबाईने सांगितल्यावर तोच बटाटा मुकाट्याने खाल्ला, वर म्हणाली, "बरा लागतो गं." थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कानामागून आली आणि तिखट झाली, आणि ही तर बिनमिठाची!

पण खरा घाव त्यानंतर बसला. एका दुपारी थोरली पडद्याच्या कापडाला पाणी मारून इस्त्री फिरवत होती. मागच्या खोलीत धाकटी फोनवर बोलत होती. "मला भीती वाटते, ताई," ती म्हणाली. "यंत्र सुरू झालं की मला वाटतं, आपण आता उठणारच नाही. आमच्या थोरलीला नाही सांगता येत. ती लगेच कामाला लागते."

थोरली इस्त्री पडद्यावर तशीच टेकवून उभी राहिली. या घरात ताई एकच होती. भीती वाटली की धाकटी तिच्याच पांघरुणात शिरायची, सहा वर्षांची असल्यापासून. आणि आज तीच ताई फोनातल्या एका परक्या बाईला बहाल झाली होती. तिला कधी पाहिलेलं नाही, तिने कधी या पोरीच्या उलट्या काढलेल्या नाहीत, आणि तिच्याजवळ भीती सांगायची! थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्याही तपासणीत सापडलं नसतं. पडद्यावर इस्त्रीचा पिवळा डाग पडला. पस्तीसेक वर्षांत पहिला.

आता त्या काट्याचं सांगतो. धाकटीचं वजन व्हायचं ते लाँड्रीच्या काट्यावर. हॉटेलांच्या चादरी किलोवर धुवायला यायच्या, त्यासाठी ठेवलेला लोखंडी काटा होता तो. खाली फळी, वर तबकडी. तबकडीचं तोंड गल्ल्याच्या बाजूला, म्हणजे मोजणारीला आकडा दिसावा आणि बोचकं ठेवणाऱ्याला दिसू नये अशी सोय. धाकटी फळीवर उभी राहायची, थोरली आतल्या बाजूने आकडा वाचायची आणि धाकटी तो गटावर टाकायची.

आणि लाँड्रीत बोचक्याचं वजन नेहमी वजा करतात. गाठोड्याची चादर कमी, ओल असेल तर ती कमी. थोरली कापड नुसतं हातात धरून सांगायची, सुकं इतकं, ओलं इतकं, आणि काटा तिला कधी खोटं पाडायचा नाही. म्हणून पहिल्या थंडीत तिने धाकटीच्या स्वेटरचे साडेतीनशे ग्रॅम वजा केले, त्यात काही वावगं नव्हतं. गोची पुढे झाली. मीठबाईचा स्वतःचा आकडा रोज सगळ्यांत कमी असायचा. सातशे ग्रॅम. आठशे. वर तिचा नवरा लिहायचा, "आमच्याकडे शिस्त आहे." थोरलीला ते 'आमच्याकडे' झोंबलं. म्हणजे आमच्याकडे काय बेशिस्त आहे?

मग स्वेटर साडेचारशेचा झाला. मग शालीचेही गेले. मग चपलांचे, ज्या धाकटी पायात घालतच नव्हती. थोरली मनात हिशेब जुळवायची, आवाज जराही न हलवता सांगायची, "एक दोन." धाकटी खूश. गटावर वाहवा. मीठबाईही म्हणायची, "अठ्ठेचाळीसवालीच्या घरी कोणीतरी फार नीट सांभाळतंय." हे वाक्य थोरलीने चोरून तीनदा ऐकलं. दवाखान्याच्या काट्यावर वजन जास्त भरलं की ती धाकटीला म्हणायची, "त्यांचं ते बॅटरीवरचं खेळणं. आपला काटा लोखंडी आहे." आणि धाकटीचा काट्यावर नसला तरी ताईवर विश्वास होता.

उन्हाळ्यातला रविवार होता. शुक्रवारचं यंत्र झालेलं, पुढचं सोमवारी, म्हणजे मधली लांबलचक खिंड. सकाळी तबकडीने कोरड्या वजनावर तीन आठ दाखवले. पण मीठबाईचा आकडा आधीच येऊन पडला होता, नऊशे. थोरलीच्या तोंडून निघालं, "एक नऊ." स्वतःला तिने समजावलं की पोरीने जड गाऊन घातलाय, उद्या तर यंत्र आहेच. एक नऊ ऐकून धाकटी म्हणाली, "मग आज मला अर्धा पेला ताक चालेल." आणि तो अर्धा पेला पुरा झाला.

बाराच्या सुमारास तिने मीठबाईला बोलका निरोप पाठवला, कसल्याशा गमतीचा. पाच मिनिटांत मीठबाईचा फोन आला, आणि तो धाकटीने उचलला नाही म्हणून लाँड्रीच्या पाटीवरच्या नंबरवर आला. पाटीचा फोटो गटावर कधीतरी गेला होता.

"तुम्ही थोरल्या ना?" तो स्टँडवरचा आवाज म्हणाला. "तिच्या निरोपात एका वाक्यात चार वेळा श्वास तुटलाय. ती आडवी झोपू शकतेय का बघा. आत्ता बघा."

मनात आलेलं उत्तर होतं, माझ्या बहिणीचं मला सांगू नका. पण थोरलीने मागे जाऊन पाहिलं. धाकटी तीन उशा पाठीशी घेऊन बसली होती, ओठ निळसर, आणि तरी फोनकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती.

दवाखान्यात तिला तातडीने यंत्रावर घेतलं. तिथल्या काट्यावर चार किलोंहून जास्त पाणी निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. संध्याकाळी धाकटीला बोलता यायला लागलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, सकाळी तू एक नऊ म्हणालीस ना?"

"काटा बिघडला," थोरली म्हणाली. ज्या काट्यावर पस्तीसेक वर्षं घर चाललं, त्याच्यावर तिने खुशाल बालंट आणलं. धाकटीने ते खरं मानलं आणि गटावर टाकलंही, "आमच्या काट्याने दगा दिला."

चौथ्या दिवशी दारात एक खोका आला. आत पांढरा शुभ्र नवा काटा, पायाखाली ठेवायचा, आकडा समोर दिसणारा. चिठ्ठी मीठबाईची: 'जुन्याला रजा द्या.' धाकटीचे डोळे भरून आले. थोरलीला मात्र तो खोका पेटवून द्यावासा वाटला. जीव वाचवायचा तोही हिनेच, वर भेटही हिनेच पाठवायची, आणि ती माझ्या खोटेपणाबद्दल! दिवसभर तिने खोक्याकडे पाठ करून इस्त्री केली. संध्याकाळी दुकानाची फळी लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा मीठबाईला आपणहून फोन लावला.

"काटा परत पाठवतेय," ती म्हणाली. "आमचा काटा ठीक आहे. वाकडी मी होते. तुमचा आकडा कमी यायचा म्हणून मी तिचा कमी करत होते."

गाडी पुकारावी तशा आवाजात मीठबाई म्हणाली, "बाई, तुम्हाला अक्कल आहे का?" आणि पुढची पाच मिनिटं तिने थोरलीला असं धुऊन काढलं की लाँड्रीतल्या कुठल्या चादरीची तशी धुलाई झाली नसेल. थोरलीने सगळं ऐकलं. शेवटी मीठबाईला धाप लागली. "हे तिला सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी तिला सांगा. आणि उद्या मला फोन करा. मला तुमच्याशीच दुसरं एक बोलायचंय, ते या खोटेपणावर उभं राहायला नको."

थोरलीने सांगितलं. धाकटी ओरडली नाही, रडली नाही. इतकंच विचारलं, "मीठबाईला हरवायला?" थोरलीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उठली, लोखंडी काट्याला मिठी मारून, धापा टाकत, थांबत थांबत, तिने तो जमिनीवर फिरवला. तबकडीचं तोंड फळीच्या बाजूला आलं. मग ती वर चढली, आकडा स्वतः वाचला आणि स्वतःच गटावर टाकला. गल्ल्यामागे उभ्या थोरलीला तबकडीची नुसती पाठ दिसत होती. फरशीवर काट्याच्या पायांचे चार जुने ठसे उघडे पडले होते, आणि त्यांवरून फडकं फिरवायचं धाडस तिला बरेच दिवस झालं नाही.

मीठबाईला बोलायचं होतं ते असं. तिच्या नवऱ्याचं मूत्रपिंड तिला जुळत नव्हतं. त्याचा रक्तगट धाकटीचा होता, आणि मीठबाईचा रक्तगट थोरलीचा. दोन्ही घरं गटावर आपापलं रडगाणं गात होती, आणि मीठबाईनेच कधीतरी ते दोन कागद शेजारी ठेवून पाहिले होते. तिच्या नवऱ्याने धाकटीला द्यायचं आणि थोरलीने मीठबाईला. डॉक्टर तपासतील, समिती परवानगी देईल, दोन्ही शस्त्रक्रिया एकाच दिवशी.

थोरलीने फोन ठेवला. जे धाकटीला द्यायला ती पहिल्या दिवसापासून तडफडत होती, ते त्या बाईला द्यायचं! ताई म्हणणं तिने नेलंच होतं, आता मूत्रपिंडही नेणार. आणि धाकटीच्या पोटात जन्मभर त्या 'आमच्याकडे शिस्त आहे'वाल्याचं राहणार.

"नको वाटत असेल तर नको," धाकटी म्हणाली. त्या दिवसांत ती तिच्याशी मोजकंच बोलायची.

"नकोच वाटतंय," थोरली म्हणाली. "कुठे सही करायची सांग."

समितीतल्या साहेबांनी विचारलं, "तुमच्यावर कोणाची जबरदस्ती?" थोरली म्हणाली, "असती तर बरं झालं असतं, कोणावर तरी चिडता आलं असतं."

शस्त्रक्रिया झाल्या. थोरलीचं मूत्रपिंड मीठबाईच्या पोटात बसवता बसवता टेबलावरच चालू झालं. डॉक्टरीणबाई कौतुकाने सांगायला आल्या, "तुमचं फार गुणी निघालं हो." आणि धाकटीचं? "ते अजून झोपलंय. कधी कधी उठायला वेळ घेतात. वाट बघू." एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. धाकटीला पुन्हा यंत्रावर घ्यावं लागलं. थोरली टाके धरून भिंतीच्या आधाराने चालायला लागली होती. वाट पाहायच्या खोलीतून निघून धाकटीच्या खोलीच्या काचेपर्यंत जायचं, आणि ती काच मीठबाईच्या खोलीवरून पुढे होती.

चौथ्या दिवशी ती मीठबाईच्या काचेशी थांबली. आत मास्क लावलेली एक किडकिडीत बाई बसली होती, थोरलीपेक्षा लहानच. थोरलीची नजर आधी तिच्या पायांवर गेली. सूज उतरली होती, घोटे दिसत होते. ते घोटे धाकटीचे असायला हवे होते, असं थोरलीला इतकं वाटलं की टाके ओढले गेले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. काचेपलीकडून मीठबाई बोलत होती.

"मी माझं माप गटावर टाकलेलं नाही," ती म्हणाली. स्टँडवरचा आवाज अगदी बारीक झाला होता. "लोक विचारतायत. पण तिचं सुरू होईपर्यंत मी नाही टाकणार. तिने वाचलं तर तिला काय वाटेल?"

आपण एका आकड्यासाठी काय केलं आणि ही एका आकड्याचं काय करतेय, हे तिला नीटच दिसलं, आणि आता चांगुलपणाचाही हेवा करायची पाळी आली म्हणून ती मनातल्या मनात चरफडली.

"किती झालं?" तिने विचारलं.

"काल दिवसभरात तीन लिटर दोनशे."

थोरलीने धाकटीचा फोन पिशवीतून काढला. तो तिच्याचकडे सांभाळायला होता. "साठ घरं वाट बघतायत. त्यांतल्या कित्येकांना अजून मिळायचंय, त्यांना कळू दे," ती म्हणाली आणि टाइप करायला लागली. दोनशे वजा करावेत असं तिला क्षणभर वाटलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मग तिने पुरते तीन लिटर दोनशे लिहिले, खाली 'मीठबाई' लिहिलं आणि पाठवून दिलं. फोन थुईथुई नाचायला लागला.

सहाव्या दिवशी दुपारी नर्सने तिला हाक मारून काचेपाशी नेलं. आत धाकटी उठून बसली होती. तिच्या हातात मापाचं भांडं होतं, तळाशी थोडंसं पिवळं पाणी. नर्सने आकडा वाचायला हात पुढे केला, पण धाकटीने भांडं दिलं नाही. तिने ते दोन्ही हातांनी उचललं, आकड्यांची बाजू फिरवून काचेकडे केली, आणि आत-बाहेर बोलायला काचेत बसवलेल्या स्पीकरवर म्हणाली, "ताई, वाच. मला इथून दिसत नाही."

थोरलीला आधी काहीच दिसेना. पदराने डोळे पुसून तिने काचेला नाक लावलं. खूप वेळ पाहिलं.

"नव्वद," ती म्हणाली.

"शंभर धरा की, जवळजवळ शंभरच आहेत," नर्स हसून म्हणाली.

"नव्वद," थोरली म्हणाली. "थेंबभर जास्त नाही." आणि मग काचेवर टकटक करून धाकटीला घाईघाईने म्हणाली, "आणि हे बघ, गटावर मी टाकणार आहे. त्या बाईला एवढ्यात सांगू नकोस, नाहीतर तीच पुकारून मोकळी होईल."